पो, मेरी आणि जुळवलेली रीडिंग्ज

अटेंडन्स कमी पडली म्हणून कॉलेजातून हाकलला गेलेला जगातला सगळ्यात प्रसिद्ध इंजिनिअरिंग स्टुडंट कोण? हा प्रश्न आपल्या क्विझमध्ये अजून कोणी विचारलेला नाही. उत्तर आहे एडगर अ‍ॅलन पो. हो, तोच, 'द रेव्हन'वाला. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना तो इंग्रजीच्या पुस्तकात भेटतो, पेपर झाला की आपण त्याला विसरतो. पण हा माणूस १८३० साली वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी अकॅडमीत दाखल झाला होता, आणि त्या काळात अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायचं म्हणजे वेस्ट पॉइंटलाच जायचं, असा मामला होता. हे शाळेत कुणी सांगत नाही.

मराठी विभागासाठी चरित्र लिहायचं तर शिवाजी महाराज, विश्वेश्वरय्या किंवा कलाम सर, अशी आपल्या मॅगझिनची परंपरा आहे. मी पो निवडला त्याचं कारण थोडं वेगळं. आपल्या मेसमधल्या टीव्हीवर एखाद्या न सुटलेल्या खुनाची केस चालू असली की पंधरा मिनिटांत टेबलाटेबलांवर डिटेक्टिव्ह तयार होतात. कुणी बापाला धरतं, कुणी मित्राला, आणि मेलेली मुलगी असेल तर ती त्या दिवशी कुठे गेली होती आणि का, यावर सगळ्यात जास्त चर्चा होते. पोने हेच केलं होतं, फक्त छापून. आणि त्याच्यासारखं डोकं आपल्यापैकी कुणाला नाही. म्हणून त्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ चा, बोस्टनचा. आईवडील दोघंही नाटकात काम करायचे. वडील घर सोडून गेले, आणि डिसेंबर १८११ मध्ये आई रिचमंडला वारली. हा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. जॉन अ‍ॅलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने त्याला घरी नेलं, सांभाळलं, मधली पाच वर्षं इंग्लंडलाही नेलं, पण रीतसर दत्तक कधीच घेतलं नाही. नाव दिलं, हक्क दिला नाही. पुढे आयुष्यभर दोघांचं पैशांवरून वाजत राहिलं.

१८२६ साली पो व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. अ‍ॅलनने खर्चाला पुरेसे पैसे दिले नाहीत असं पोचं म्हणणं, आणि ते भरून काढायला तो जुगार खेळला. वर्षाच्या शेवटी डोक्यावर सुमारे २००० डॉलर कर्ज! अ‍ॅलनने हात वर केले, शिक्षण संपलं. मग नाव बदलून, वय वाढवून सांगून तो सैन्यात शिपाई म्हणून भरती झाला. तोफखान्यात दारूगोळा तयार करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि दोन वर्षांत तो सार्जंट मेजर झाला, म्हणजे कमिशन नसलेल्या शिपायाला मिळू शकणारं सगळ्यात वरचं पद. कामात तो ढिला नव्हता, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर वेस्ट पॉइंट. तिथे पहिल्या परीक्षेत फ्रेंचमध्ये तिसरा, मॅथ्समध्ये सतरावा. बॅच ८७ जणांची. म्हणजे आपल्या भाषेत बऱ्यापैकी टॉपर. पण त्याला तिथून सुटायचं होतं आणि अ‍ॅलन राजीनाम्याला परवानगी देईना. मग त्याने आपल्या सगळ्यांना माहीत असलेला मार्ग धरला. परेडला दांडी, लेक्चरला दांडी, चर्चला दांडी. जानेवारी १८३१ मध्ये कोर्टमार्शल झालं आणि मार्चमध्ये त्याची बडतर्फी लागू झाली. गंमत म्हणजे जाण्याआधी त्याच्या कवितांच्या पुस्तकासाठी कॅडेटांनी वर्गणी काढली. त्यांना वाटलं होतं की हा प्रोफेसरांवरच्या चावट कविता छापणार. पुस्तक आलं तेव्हा आत सगळं गंभीर काव्य. पोरांचे पैसे गेले.

पुढची काही वर्षं भराभर सांगते. बाल्टिमोरला मावशीसारख्या सांभाळणाऱ्या आत्याकडे राहणं, एका गोष्टीला ५० डॉलरचं बक्षीस, मग रिचमंडला मासिकाची नोकरी. १८३६ मध्ये आत्याच्या मुलीशी, व्हर्जिनियाशी लग्न. तो २७ वर्षांचा, ती १३. हे वाचताना मला बरं वाटलं नाही, आणि वाचणाऱ्याला बरं वाटावं असं काही त्यावर मी लिहिणार नाही.

आता त्याच्या डोक्याबद्दल. पोला आपल्या तर्कशक्तीचा जबरदस्त अभिमान होता. १८३६ साली त्याने एका बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावर लेख लिहिला. पगडी घातलेला तुर्की बाहुला पेटीमागे बसायचा आणि भल्याभल्यांना हरवायचा. लोक थक्क व्हायचे. पोने लिहिलं की आत माणूस लपलेला आहे, आणि ते खरंच होतं. पण त्याची कारणं बघा. यंत्र असतं तर ते प्रत्येक डाव जिंकलं असतं, हे कधीकधी हरतं, म्हणून ते यंत्र नाही, असा त्याचा एक मुद्दा. उत्तर बरोबर, स्टेप्स चुकलेल्या. आपल्याकडे अशा पेपरला मार्क मिळत नाहीत, पण पोला मात्र वाहवा मिळाली. मग त्याने फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकातून वाचकांना आव्हान दिलं की पाठवा तुमची सांकेतिक लिपी, मी सोडवून दाखवतो. आणि खरंच ढिगाने सोडवल्या.

एप्रिल १८४१ मध्ये 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये त्याची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही गोष्ट आली. तो तिथे वर्षाला ८०० डॉलर पगारावर संपादक होता. या गोष्टीत द्युपँ नावाचा एक पॅरिसचा माणूस वर्तमानपत्रातली खुनाची बातमी वाचतो आणि निव्वळ डोकं चालवून ती केस सोडवतो. जगातली पहिली डिटेक्टिव्ह कथा ती हीच, असं बहुतेक सगळे मानतात. शेरलॉक होम्स हा द्युपँचा वारस, आणि आपल्या बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारचाही खापरपणजोबा तोच म्हणायला हरकत नाही. पण त्या गोष्टीत एक सोय होती. खून पोनेच लिहिलेला, उकलही त्यानेच लिहिलेली. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच्या खिशात. टीकाकारांना हे दिसत होतं आणि पोलाही ते टोचत होतं. त्याला खरं कुलूप हवं होतं.

ते तीन महिन्यांत मिळालं.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर जॉन अँडरसन नावाच्या माणसाचं सिगारचं दुकान होतं. तिथे काउंटरवर मेरी रॉजर्स नावाची मुलगी काम करायची. दिसायला सुंदर, म्हणून दुकानात गर्दी, आणि त्या गर्दीत वर्तमानपत्रवाले आणि लेखक पुष्कळ. १८३८ मध्ये ती एकदा थोडे दिवस घरातून गायब झाली, तेव्हा पेपरात बातमी आली, आणि लगेच दुसऱ्या पेपरात आलं की ती फक्त कुणाकडे पाहुणी म्हणून गेली होती. परत आल्यावरही लोकांच्या मनात ते राहिलंच. नंतर तिने दुकान सोडलं आणि आईला बोर्डिंग हाऊस चालवायला मदत करू लागली. घरात राहणाऱ्या डॅनियल पेन नावाच्या तरुणाशी तिचं लग्न ठरलं होतं. तो बाटल्यांची बुचं कापायचं काम करायचा.

रविवार, २५ जुलै १८४१. मेरीने पेनला सांगितलं की मी मावशीकडे जातेय, संध्याकाळी घ्यायला ये. संध्याकाळी जोराचा पाऊस आला. ती मावशीकडेच राहील असं समजून पेन गेला नाही. बुधवारी, २८ तारखेला, हडसन नदीच्या पलीकडे होबोकेनजवळ तिचं प्रेत पाण्यात सापडलं. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की गळा आवळून मारलंय आणि त्याआधी अत्याचार झालाय, एकाहून जास्त माणसांकडून. ती वीस-एकवीस वर्षांची होती. मी वीस.

यापुढे जे झालं ते वाचताना मला वाटत होतं की हे मी कालच टीव्हीवर बघितलंय. न्यूयॉर्कला तेव्हा आजच्यासारखं पोलीस खातं नव्हतंच. रात्री गस्त घालणारे पहारेकरी आणि इनामासाठी काम करणारे कॉन्स्टेबल, बस. शिवाय मुलगी न्यूयॉर्कची आणि प्रेत न्यू जर्सीच्या बाजूला, म्हणजे हद्दीचा वाद. ही केस आमची नाही, तुमची! पण पेपर मात्र भरपूर होते. 'सन' १८३३ मध्ये निघाला, 'हेरल्ड' १८३५ मध्ये, किंमत एक सेंट. सामान्य माणूस पहिल्यांदाच रोज पेपर विकत घेत होता, आणि रोज काहीतरी नवीन द्यावं लागत होतं. एकाने लिहिलं गुंडांच्या टोळीचं काम. एकाने लिहिलं की हे प्रेत मेरीचं नाहीच, कारण तीन दिवसांत प्रेत पाण्यावर येत नाही, ती कुठेतरी जिवंत आहे. काहींनी पेनवर संशय घेतला, तेव्हा बिचाऱ्याला रविवारी आपण कुठे कुठे होतो त्याचे शपथेवर साक्षीदार घेऊन पेपरच्या ऑफिसात जावं लागलं. एका खलाशाला पकडलं, सोडलं. लाकडावर चित्रं कोरणाऱ्या एका लग्न झालेल्या माणसाला पकडलं. तो त्या दिवशी दुसऱ्याच मुलीबरोबर फिरायला गेला होता असं निघालं. खून सुटला नाही, त्याचा संसार मात्र पेपरात आला.

ऑगस्टच्या शेवटी होबोकेनच्या वरच्या अंगाला, वीहॉकेनला खानावळ चालवणाऱ्या मिसेस लॉस नावाच्या बाईच्या मुलांना झाडीत मेरीचे काही कपडे, छत्री आणि रुमाल सापडला. बाई म्हणाली, ती मुलगी त्या रविवारी एका सावळ्या तरुणाबरोबर माझ्याकडे आली होती. झालं, लोक जत्रेसारखे ती झाडी बघायला जाऊ लागले. ऑक्टोबरमध्ये पेनही तिकडे गेला. त्या झाडीजवळ त्याने अफूच्या अर्काची बाटली प्यायली आणि मेला. यावरही पेपरांनी दोन्ही अर्थ काढले, की पश्चात्ताप झाला म्हणून, आणि दुःख झालं म्हणून.

पो हे सगळं फिलाडेल्फियात बसून वाचत होता. जानेवारी १८४२ मध्ये व्हर्जिनिया गाताना तिच्या तोंडातून रक्त आलं, क्षयाची सुरुवात. त्याच वसंतात त्याने 'ग्रॅहम्स'ची नोकरी सोडली. पैशांची नड होतीच, पण मला वाटतं अभिमान त्याहून मोठा होता. त्याने द्युपँला पुन्हा कामाला लावलं. हडसनची सीन नदी केली, न्यूयॉर्कचं पॅरिस केलं, मेरी रॉजर्सची मारी रोझे केली, सिगारचं दुकान अत्तराचं केलं, आणि खऱ्या पेपरांतल्या बातम्या फ्रेंच पेपरांच्या नावाने घातल्या. जून १८४२ मध्ये त्याने दोन संपादकांना पत्रं लिहिली की मी नुसती गोष्ट लिहिलेली नाही, खऱ्या केसची उकल केली आहे. बोस्टनच्या संपादकाकडे ५० डॉलर मागितले आणि बाल्टिमोरच्या स्नॉडग्रास नावाच्या डॉक्टर-संपादकाकडे ४०. दोघांनीही घेतली नाही. (स्नॉडग्रास हे नाव विसरू नका, तो परत येणार आहे.) शेवटी न्यूयॉर्कच्या 'लेडीज कम्पॅनियन' या बायकांच्या मासिकाने ती घेतली आणि तीन भागांत छापायचं ठरलं.

'द मिस्टरी ऑफ मारी रोझे' वाचायला घेतलीत तर एक सूचना देते. गोष्ट म्हणून ती कंटाळवाणी आहे. माणसं हलत नाहीत, द्युपँ खुर्चीत बसून बोलतो. पण इंजिनिअरने वाचावी अशी आहे. प्रेत तीन दिवसांत तरंगतं की नाही यावर त्याने चक्क फ्लुइड मेकॅनिक्स मांडलंय. माणसाच्या शरीराची आणि पाण्याची विशिष्ट घनता जवळजवळ सारखी असते, म्हणून थोड्याशा फरकानेही माणूस बुडतो किंवा तरंगतो, आत वायू तयार व्हायला लागणारा वेळ हवामानावर अवलंबून असतो, त्यामुळे अमुक दिवस असा नियम करता येत नाही. हे सगळं ठीक आहे. प्रेत ओढायला कापडाची पट्टी गुंडाळून मूठ केली होती, यावरून तो म्हणतो की टोळी असती तर चार जणांनी उचललं असतं, ओढायची गरज एकट्याला पडते. हेही पटतं. आणि मग तोच माणूस झाडीतल्या गवताबद्दल बोलताना सांगतो की उष्ण, दमट हवेत गवत एका दिवसात दोन-तीन इंच वाढतं! जूनमधल्या आपल्या हॉस्टेलमागच्या गवतालासुद्धा ते जमत नाही.

शेवटी तर कमालच. गोष्ट संपवताना तो प्रोबॅबिलिटीवर येतो आणि म्हणतो की फासे टाकताना लागोपाठ दोनदा सहा पडले असतील तर तिसऱ्यांदा सहा पडणार नाहीत यावर मोठी पैज लावायला हे पुरेसं कारण आहे. एम-थ्रीमध्ये पास झालेला कोणीही सांगेल की फाशाला आठवण नसते. दोन हजार डॉलर हरलेल्या माणसाने सोळा वर्षांनंतरही असं लिहावं याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

त्याचा निष्कर्ष असा: टोळी वगैरे काही नाही, तिचा एक गुप्त प्रियकर होता, नौदलातला अधिकारी, सावळा, पहिल्यांदा ती गायब झाली तेव्हाही त्याच्याचबरोबर गेली होती, आणि त्याने एकट्याने तिला मारलं. कथेत एक बेवारस होडी सापडलेली असते. ती शोधा, मालक सापडेल, असं द्युपँ सांगतो. आणि ऐन वेळी संपादकाची टीप येते, की पुढचा भाग काही कारणाने गाळला आहे, धागा बरोबर निघाला एवढं सांगतो. नाव नाही, पुरावा नाही.

गोष्टीचा पहिला भाग नोव्हेंबर १८४२ च्या अंकात आला, आणि त्याच महिन्यात मिसेस लॉस मेली. तिच्याच मुलाच्या हातून चुकून बंदूक उडाली होती. 'ट्रिब्यून'ने छापलं की मरताना तिने कबूल केलं: मेरी त्या दिवशी एका डॉक्टरबरोबर तिच्या खानावळीत आली होती, गर्भपात करताना दगावली, मग प्रेत नदीत टाकलं आणि कपडे झाडीत ठेवले. ज्या न्यायाधीशाच्या नावाने बातमी दिली होती त्याने लगेच सांगितलं की मी असं काही म्हटलेलं नाही. पण आता लोकांना नवीन उत्तर मिळालं होतं, आणि पोचा नौदल अधिकारी मध्येच लटकला.

जानेवारीत यायचा तिसरा भाग फेब्रुवारी १८४३ मध्ये आला. त्या महिन्यात पोने काय बदललं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. १८४५ ला मात्र वाद नाही. त्या वर्षी त्याच्या कथांचं पुस्तक निघालं, आणि मासिकातली प्रत व पुस्तकातली प्रत शेजारी ठेवली की सगळं दिसतं. जॉन वॉल्श नावाच्या अमेरिकन लेखकाने १९६८ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. पंधराएक ठिकाणी बारीक फेरफार. कुठे एखादा शब्द, कुठे अर्धं वाक्य, कुठे 'किंवा खानावळीत अपघात झाला असेल' अशा अर्थाची शक्यता हळूच घुसवलेली. आणि वर तळटीप, की ही गोष्ट छापल्यानंतर पुष्कळ काळाने दोन व्यक्तींनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या कबुलीतून निष्कर्षच नाही तर सगळे महत्त्वाचे तपशीलही खरे ठरले.

हे आपल्याला अगदी ओळखीचं आहे. लॅबमध्ये ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून शेवटची चार रीडिंग्ज खोडून नवी घालणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात, आणि व्हायवाला तेच सगळ्यात आत्मविश्वासाने बोलतात. फरक एवढाच की तिथे स्प्रिंगची लांबी असते, इथे एक मेलेली मुलगी होती. पोला ती कधी दिसलीच नाही असं मला वाटतं. टोळीने मारली, प्रियकराने मारली की गर्भपातात गेली, या तीन उत्तरांत त्याच्या दृष्टीने फरक फक्त जुळण्याचा. तिच्या आईच्या दृष्टीने तो केवढा मोठा असेल! आणि ज्या नव्या उत्तराशी त्याने आपलं जुनं उत्तर जुळवून घेतलं, तेही शेवटी कुणीतरी सांगितलेलंच होतं, सिद्ध झालेलं नव्हतं. १८४८ मध्येही एका चाहत्याला पत्रात तो सांगत होता की त्या नौदलातल्या अधिकाऱ्याने कबुली दिली आहे, नातेवाइकांसाठी मी बोलत नाही. अशी कबुली कुठेही नाही.

मेरीचा खुनी कधीच सापडला नाही. तिच्या केसवरून झालेल्या ओरड्याचा १८४५ मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण वेळचं पोलीस दल मिळायला थोडा हातभार लागला, हे खरं. अँडरसन सिगार विकून प्रचंड श्रीमंत झाला, पण संशय त्याला कधी सुटला नाही. तो वारल्यावर मृत्युपत्रावरून झालेल्या कोर्टकज्ज्यात निघालं की म्हातारपणी तो मेरीच्या आत्म्याशी बोलतो असं सांगायचा. काही लोकांनी तर पुढे पोच खुनी होता असंही लिहिलं. त्यालाही पुरावा नाही, पण गोष्ट चांगली वाटते ना, मग चालते.

पोच्या बाजूने एवढं म्हणेन की अफवा कशी पसरते हे त्याला आतून माहीत होतं. एप्रिल १८४४ मध्ये त्यानेच 'सन'मध्ये बातमी छापून आणली की एक फुगा तीन दिवसांत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत उतरला. साफ खोटी! फुग्याच्या मापांसकट लिहिली होती, म्हणून लोकांनी पेपरच्या ऑफिसला गराडा घातला. जानेवारी १८४५ मध्ये 'द रेव्हन' आली आणि तो देशभर माहीत झाला, पैसे मात्र काही मिळाले नाहीत. ३० जानेवारी १८४७ ला व्हर्जिनिया गेली, २४ वर्षांची. त्याची आईही गेली तेव्हा २४ चीच होती. फोर्डहॅमच्या त्या लहानशा घरात तिच्या अंगावर घालायला पुरेशी पांघरुणं नव्हती, पोचा जुना मिलिटरी कोट होता.

२७ सप्टेंबर १८४९ ला पो रिचमंडहून बोटीने निघाला. ३ ऑक्टोबरला तो बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सापडला, शुद्ध अर्धवट, अंगावर दुसऱ्याचेच, न बसणारे कपडे. मधल्या दिवसांत तो कुठे होता हे कुणालाच कळलेलं नाही. ज्या छापखान्यातल्या कामगाराने त्याला ओळखलं त्याने चिठ्ठी पाठवली ती डॉक्टर स्नॉडग्रासला, ज्याच्याकडे पोने ४० डॉलर मागितले होते. हॉस्पिटलात चार दिवस काढून रविवारी, ७ ऑक्टोबरला पहाटे तो वारला. वय ४०.

आणि मग त्याच्यावर तेच सुरू झालं. 'ट्रिब्यून'मध्ये दोन दिवसांत मृत्युलेख आला, खोट्या नावाने. लिहिणारा ग्रिसवोल्ड, पोचा जुना वैरी. त्याने त्याला असा रंगवला की पुढची पन्नास वर्षं लोक पोला वेडा आणि दारुडाच समजत राहिले. स्नॉडग्रास दारूबंदीचा प्रचारक. त्याने आपल्या लेखांत त्या चिठ्ठीतला मजकूर मूळ होता त्यापेक्षा बराच भडक करून सांगितला, म्हणजे पो दारूने मेला हे सिद्ध व्हावं. ज्या डॉक्टर मोरनने त्याला हॉस्पिटलात बघितलं, त्याने १८४९ मध्ये पोच्या आत्याला एक हकीकत कळवली, १८७५ मध्ये पेपरात दुसरी सांगितली, १८८५ मध्ये पुस्तक काढून तिसरी. तारखा, वेळा, शेवटचे शब्द, सगळं बदलत गेलं. हॉस्पिटलचे कागद हरवले. तो दिवस निवडणुकीचा होता आणि तो गुत्ता हेच मतदान केंद्र, त्यामुळे एक तर्क असा की गुंडांनी त्याला डांबून, दारू पाजून, कपडे बदलून बदलून बोगस मतदान करायला लावलं. दुसरा तर्क मेंदूतल्या गाठीचा. मारहाणीचाही आहे.

१९९६ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाला नेहमीच्या चर्चासत्रासाठी एक केस कागदावर देण्यात आली: रुग्णाची आद्याक्षरं ई. पी., रिचमंडचा लेखक. रुग्ण समोर नाही, फक्त लक्षणं लिहिलेली. द्युपँसारखंच काम. त्याने ती वाचून निदान केलं की हा रेबीज असावा, आणि एक महत्त्वाचा आधार होता की रुग्णाला पाणी गिळायला त्रास होत होता. जगभर बातमी झाली. पाण्याचा हा तपशील डॉक्टर मोरनच्या नंतरच्या हकीकतीतून आलेला आहे.